सोन्याची खाण आणि वसूची विजार

अरुबा नेमकं कुठे आहे हे मला तिथे जाऊन आल्यावरही धड सांगता येत नाही. नकाशात दक्षिण अमेरिकेच्या डोक्यावर माशी बसल्यासारखा एक ठिपका आहे, ते अरुबा. राज्य डच लोकांचं, समुद्र कॅरिबियन, वारा कुणाच्याच मालकीचा नाही. त्या बेटावर मी चार दिवस होते. शाळेतल्या शिक्षिकांना वाटतं मी हवापालटाला गेले होते. खरं म्हणजे मी माझ्या धाकट्या भावाची सोन्याची खाण बघायला गेले होते. ज्यांच्यापासून काही लपवायचं होतं त्यांना आता सगळं कळलेलं आहे, म्हणून लिहायला हरकत नाही. शिवाय एकदा लिहून टाकलं की प्रत्येकीला वेगळं सांगावं लागणार नाही.

गिरगाव, निघण्यापूर्वी

भावाचं नाव वसंत, घरात वसू. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. माझगावच्या गोदीत फिटरचं काम शिकला, एका जहाजावर चढला आणि अरुबाला उतरून तिथल्या तेल शुद्ध करायच्या कारखान्यात चिकटला. त्याला पाच वर्षं झाली. आई मात्र अजून गिरगावातल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. तिला वाचता येत नाही, त्यामुळे वसूची पत्रं दुसऱ्या मजल्यावरचे नाना वाचतात. नाना पत्र खोलीत बसून वाचत नाहीत, गॅलरीत उभे राहून वाचतात. आवाज चांगला आहे आणि तो चार भिंतींत वाया जाऊ नये असं त्यांना वाटतं.

एका पत्रात वसूने लिहिलं होतं, 'दर रविवारी आम्ही सोन्याच्या खाणीवर असतो.' नानांनी हे वाक्य दोनदा वाचलं. संध्याकाळी तळमजल्यावर बातमी अशी होती की वसू रविवारीसुद्धा खाणीत जादा काम करतो. दुसऱ्या दिवशी नळावर कळलं की खाणीत त्याचा हिस्सा आहे. आठवडा संपायच्या आत समोरच्या चाळीतल्या बायका आईला विचारायला आल्या की अख्खी खाण घेतली तर तिची राखण कोण करतं. आईने नानांकडूनच वसूला अभिनंदनाचं पत्र पाठवलं. वसूचं उत्तर आलं: 'खाणीचं म्हणाल तर देवाची कृपा.' बस्स. यापुढे ब्रह्मदेव आला असता तरी चाळीने त्याचं ऐकलं नसतं.

मग स्थळं येऊ लागली. त्यातलं एक शिवाजी पार्कचं होतं. मुलीचे वडील अण्णासाहेब, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं आणि मगच बोलायला सुरुवात केली. त्यांच्या गॅलरीतून मैदान दिसतं, आणि दिसतं त्याहून ऐकू जास्त येतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू झाल्यापासून या गृहस्थांना दुपारची झोप नव्हती.

"सभा ऐकून ऐकून पोरगी हातची गेली," ते म्हणाले. "शाळेत शिकवते. मुकाट्याने शिकवावं की नाही? सत्याग्रहाला गेली. आठ दिवस तुरुंगात राहून आली. आणि हसत आली हो! मला जावई असा हवा, की जिथे लाउडस्पीकर ऐकू येणार नाही. अरुबा कसं आहे?"

"मी पाहिलेलं नाही. पण लांब आहे."

"उत्तम."

आमचे यजमान मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर आहेत, त्यांचं जहाज त्या बाजूला जाणार होतं आणि कंपनीने अधिकाऱ्यांच्या बायकांना एका फेरीला सोबत यायची परवानगी दिली होती, हे अण्णासाहेबांना माहीत होतं. ते म्हणाले, "तुम्ही जाताच आहात, तर खाण प्रत्यक्ष डोळ्यांनी बघा. फोटो काढून आणा. मी ऐकीव पुरावा मानत नाही."

मुलगी मला पोचवायला खाली आली. नाव सुलभा. उंच, सावळी, वेणी घट्ट, चालणं मोर्च्यातलं. जिन्याच्या वळणावर थांबून म्हणाली, "ताई, तुमच्या भावाला नकार द्यायला सांगाल का?"

"का गं? त्याच्यात काय वाईट आहे?"

"त्यांच्यात काय आहे ते मला काय माहीत? पण मुंबई मिळाल्याशिवाय मी मुंबई सोडणार नाही. मीच पळाले तर माझ्या वर्गातल्या मुली मला काय म्हणतील?"

"मग तूच दे की नकार."

"सगळ्यांना दिला. बाबा म्हणतात, मुलीचा नकार ग्राह्य धरता येत नाही."

म्हणजे आईला लग्न जमवून हवं होतं, अण्णासाहेबांना खाणीचा फोटो आणि सुलभेला नकार. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. एका कापडातून तीन पोलकी काढणं मला जमतं. पण इथे एकाला बाही हवी होती, दुसऱ्याला नको होती आणि तिसरीला पोलकंच नको होतं.

पहिला दिवस

समुद्राबद्दल मी काही लिहिणार नाही. तो सगळीकडे ओला असतो.

अरुबाच्या धक्क्याला लागलो तेव्हा पहिल्यांदा आला तो वास, आणि तो ओळखीचा निघाला. तुर्भ्याच्या तेलकारखान्यांकडून वारा आला की आमच्या माझगावात जो येतो, तोच. धुराडी, टाक्या, नळ. इतक्या लांब येऊन तेच बघायचं म्हणून मी जरा नाराज झाले. पण जहाजाचा कसलासा पंप दुरुस्त व्हायचा होता, त्यामुळे चार दिवस मुक्काम होता.

धक्क्यावर वसू उभा होता. डोक्यावर रुंद हॅट. वाळला होता.

"ताई, तू जाड झालीस."

"आणि तू खाणीचा मालक झालास."

त्याने माझी पिशवी उचलली आणि वाटेत हवेबद्दल बोलत राहिला.

हवेबद्दल बोलण्यासारखं तिथे आहे हे मात्र खरं. त्या बेटावर वारा थांबत नाही. आपल्याकडे वारा येतो आणि जातो, तिथे तो राहायलाच आहे. झाडं सगळी एकाच बाजूला वाकलेली, केस विंचरून मागे सारल्यासारखी. दोन पावलांत माझा पदर हवेत गेला आणि त्याच्या मागोमाग मीही जाईन की काय असं झालं. मी पिशवीतून टाचण्यांची डबी काढली आणि रस्त्यातच स्वतःला अकरा ठिकाणी टाचून घेतलं. पलीकडे दोन बायका हे बघत होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बेट कोरडं ठणठणीत. कुंपणं निवडुंगाची, आणि तीही माणसाहून उंच. शेतं म्हणावीत तर कोरफडीची. आपण कुंडीत एक रोप लावतो आणि शेजारीण भाजली की पान तोडून देतो, तिथे तिचे वाफेच्या वाफे. गोडं पाणी नाहीच. समुद्राचं पाणी मोठ्या कारखान्यात उकळून, त्याची वाफ थंड करून पितात. चव बरी होती. नळाला चोवीस तास पाणी होतं हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने खाणीवर ठेवला त्याहून कमी विश्वास ठेवला.

वसू एका म्हाताऱ्या बाईच्या घरी भाड्याने राहत होता. घर पिवळं, दारं निळी. बाईंचं नाव रोसा, आणि तिकडे मावशीला तांता म्हणतात म्हणून तांता रोसा. साठीच्या पुढच्या, काटक, तोंडात बारीक चिरूट. पूर्वी गोऱ्या साहेबांच्या घरी काम केल्यामुळे त्यांना थोडं इंग्रजी येत होतं. मलाही थोडंच येतं. दोघींचं सारखंच मोडकं असल्याने आमचं फार छान जमलं.

त्या सगळ्यांना 'दुशी' म्हणतात. दुशी म्हणजे गोड. मला दुशी, वसूला दुशी, शेळीला दुशी, आणि संध्याकाळी जहाजावरून जेवायला आलेल्या आमच्या यजमानांनाही दुशी. यजमान कानापर्यंत लाल झाले. वीस वर्षांत मी त्यांना 'अहो' सोडून काही म्हटलेलं नाही.

जेवायला भेंडीचं सार होतं. भेंडी! इतका समुद्र ओलांडून ताटात ओळखीचा चेहरा दिसल्यावर मला फार बरं वाटलं, पहिला घास घेईपर्यंत. आपण भेंडीची तार जावी म्हणून जिवाचा आटापिटा करतो. तांता रोसा ती तार वाढावी म्हणून रवीने घुसळतात. चमचा वर उचलला की सार त्याच्या मागे येतं. त्यात मासे होते ते उत्तम. सोबत मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि आपल्या घावनासारखी, पण जाड, किंचित गोड भाकरी. भाकरी मी तीन खाल्ल्या. सार यजमानांना दिलं. त्यांनी ते 'दुशी'च्या धक्क्यात संपवलं.

दुसरा दिवस

वसूने रजा घेतली होती आणि एका मित्राची जीप उसनी आणली होती. त्याने मला दीपगृह दाखवलं, चर्च दाखवलं, उंटाच्या पाठीएवढाले गोल दगड दाखवले, समुद्राने पोखरलेला खडक दाखवला. खाण दाखवली नाही.

"खाण कुठल्या बाजूला आहे रे?"

"आज वारा फार आहे तिकडे."

"इथे कमी आहे का?"

"ताई, ते बघ, पेलिकन!"

दुपारी तो जीपमध्ये पेट्रोल भरायला गेला तेव्हा मी तांता रोसांबरोबर मागच्या पडवीत बसले. त्या मासे साफ करत होत्या, मी त्यांच्या उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण घालत होते. मी सहज विचारलं, "सोन्याची खाण कशी आहे हो?"

त्यांनी सुरी थांबवली. "खाण? माझे आजोबा तिथे दगड फोडायचे. मग सोनं संपलं, कंपनी गेली. भट्टीच्या भिंती उरल्यात. आता तिथे शेळ्या राहतात."

"आणि वसू रविवारी तिथे काय करतो?"

"झोपतो," तांता रोसा म्हणाल्या. "भिंतीच्या सावलीत. मासे भाजतात, पत्ते खेळतात, झोपतात. सगळी पोरं जातात."

मी शिवण पूर्ण केली, दोरा तोडला. राग यायला हवा होता, पण आधी हसूच आलं. नाना गॅलरीत उभे राहून वाचतायत, 'देवाची कृपा', आणि हा शेळ्यांमध्ये घोरतोय, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. वसूला मी काही बोलले नाही. माणूस आपण होऊन कुठवर जातो ते बघायचं ठरवलं.

रात्रीच्या जेवणाला मी विचारलं, "खाणीवर माणसं किती असतील रे?"

"असतील... पन्नासेक."

"सगळ्यांना दाढ्या आहेत का?"

वसूला जोराचा ठसका लागला. तांता रोसांनी त्याची पाठ थोपटली आणि माझ्याकडे बघून एक डोळा मिटला.

तिसरा दिवस: खाण

सकाळी वसू कोट घालून आला. त्या उन्हात कोट! इस्त्रीची पांढरी विजार, हॅट, हातात काठी. "चल ताई, खाण बघायला. कॅमेरा घेतलास ना?"

रस्ता उत्तरेच्या किनाऱ्याला गेला. तिकडे कोणी राहत नाही. काळा खडक, निवडुंग आणि खाली समुद्र असा आपटतो की बोललेलं ऐकू येत नाही. एका वळणानंतर ती दिसली. चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, छप्पर नाही, खिडक्यांच्या जागी भोकं, आणि भोकांतून निळं पाणी. अलीकडून पाहिलं तर एखाद्या जलदुर्गाचा बुरूज म्हणून खपेल. आत गेलं की गवत, लेंड्या आणि तीन-चार काळवंडलेल्या चुली. माणसांनी इतक्या लांब येऊन, इतके दगड वाहून एवढं मोठं काही बांधावं आणि शेवटी त्यात मासे भाजावेत, याचं मला जरा कौतुक वाटलं. निदान वाया तरी गेलं नाही.

शेळ्या होत्या. मी मोजल्या नाहीत, पण पन्नासेक असाव्यात.

वसूने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने जीप भिंतीसमोर तिरकी लावली. मग म्हणाला, "ताई, तू तिथे जा, खाली बसून काढ. म्हणजे वरचं छप्पर नाही ते दिसणार नाही. आणि शेळ्या नकोत."

"वसू, हा फोटो कशासाठी?"

"दाखवायला. सगळेच काढतात. दुसऱ्याच्या रेडिओवर हात ठेवून काढतात की नाही?"

हे त्याने बरोबर नेम धरून मारलं होतं. आमच्या चाळीत स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी पाटल्यांचा एक जोड होता. होता एका वकिलीणबाईंचा, पण तिसऱ्या मजल्यावरच्या पाच मुलींची लग्नं त्या पाटल्यांवर जमली. त्यातली एक मी. लग्नानंतर सासूबाईंनी पाटल्या कुठे आहेत असं विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, आणि त्यांनी त्यांच्या फोटोतलं घड्याळ कुणाचं होतं ते सांगितलं. त्यामुळे मी जमिनीवर बसले आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

वसूला भिंतीवर उभं राहायचं होतं. काठी टेकून, दूर क्षितिजाकडे बघत. तो चढला. क्षितिजाकडे बघितलं, मी बटण दाबलं. त्याच वेळी भिंतीच्या मागच्या अंगाने एक बोकड चढला. ती बहुधा त्याची नेहमीची जागा असावी. त्याने वसूला मागून एकदा ढुशी दिली, फार जोरात नाही, हरकत नोंदवण्यापुरती. हॅट समुद्राकडे गेली, काठी जीपवर पडली आणि वसू भिंतीवरून घसरत खाली आला. लागलं काही नाही. पण विजार मागून कमरेपासून गुडघ्यापर्यंत उभी फाटली.

"हसू नकोस ताई."

"हसत नाहीये. काढ ती."

"काय?"

"विजार काढ. भिंतीमागे जा आणि इकडे फेक. सुईदोरा आहे माझ्याकडे."

असा वसू भिंतीमागे उभा राहिला. छातीपर्यंत कोट, टाय, सगळं व्यवस्थित, आणि खाली काय होतं ते शेळ्यांना माहीत. मी दगडावर बसून टाके घालू लागले. मुलींना शिकवते तसे, जवळ जवळ, घाई न करता. फाटकी विजार दुसऱ्याच्या हातात असली की माणसाला फार वेळ ऐटीत राहता येत नाही. दहा-बारा टाक्यांनंतर भिंतीवरून आवाज आला.

"ताई, तुला कधी कळलं?"

"काल दुपारी."

"मग दाढ्यांचं..."

"हो."

मी पुढचा टाका घातला.

"मी खोटं लिहिलं नव्हतं गं. फक्त नाही म्हटलं नाही. आईने नानांकडून पत्रात लिहवलं, आता तळमजल्याच्या नळावर बायका तिला पहिला नंबर देतात. तिच्या गुडघ्यांची काय अवस्था आहे, तुला माहीतच आहे. पहाटे चारपासून रांगेत उभी राहायची ती. मग मी काय लिहू? खाण नाही, तू परत रांगेत उभी राहा?"

हे मला माहीत नव्हतं. मी माझगावात राहते. आईने मला नळाचं काही सांगितलं नव्हतं. मी सुई थांबवली नाही, पण टाका जरा मोठा पडला.

"आणि पुढचं ऐक," तो म्हणाला. "कारखान्यात नवी यंत्रं आलीत. माणसं कमी करतायत. माझा नंबर आज ना उद्या लागणार. गोदीतल्या जुन्या फोरमनचं पत्र आलंय, जागा आहे, ये म्हणून. मला यायचंय गं. पाच वर्षं भेंडीचं ते सार खातोय. पण येऊ कसा? खाणीचा मालक म्हणून चाळीत उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गोदीत कामाला जायचं? आईच्या तोंडावर हसतील सगळे. त्यापेक्षा इथेच काहीतरी बघतो."

त्याचा आवाज जरा वेगळा झाला होता. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघांनाही अवघड झालं असतं. पण आता विनोद संपला होता हे मला कळलं. फोटो दाखवून लग्न जमलं असतं, तर हा या फोटोत आयुष्यभर अडकून पडला असता, आणि मुंबई सोडायची नाही म्हणणारी ती मुलगीही.

मी त्याला सुलभेचं सांगितलं. जिन्यातलं बोलणं, सगळं.

"आठ दिवस तुरुंगात?" तो भिंतीवरून पुढे वाकला. "आणि मला नकार द्यायला सांगते? न बघता?"

"न बघताच."

"वा! दिसायला कशी आहे?"

"विजार घाल आधी."

मी दोरा तोडला आणि विजार फेकली. तो भिंतीमागून बाहेर आला तेव्हा मी विचारलं, "ही खाण चालू आहे का बंद?"

"बंद. म्हणजे कधीचीच..."

"बंद आहे ना? मग तसं लिही. खाण बंद आहे, मी परत येतो. एवढंच. बाकी चाळीचं मी बघते. पण एक ऐक. ती मुलगी किंवा तिचे वडील जे विचारतील त्याला खरं उत्तर द्यायचं. त्यांनी बैठकीतून उठवलं तरी चालेल."

"मुलीनेच उठवलं तर?"

"तर उठायचं. शिवण माझी आहे, फाटणार नाही."

मग तांता रोसांनी दिलेला डबा काढून आम्ही भिंतीच्या सावलीत जेवलो. त्यानंतर वसू पाच मिनिटांत झोपला. मीही झोपले. सोन्याच्या खाणीत इतकी छान झोप लागते हे नानांनी खरं तर वाचून दाखवायला हवं होतं.

पुन्हा गिरगाव

आम्ही परतल्यावर थोड्याच दिवसांत वसूचं पत्र आलं. नाना गॅलरीत उभे राहिले. 'खाण बंद आहे. मी कायमचा परत येतो.' नानांचा आवाज इतका भरून आला की त्यांना पाणी द्यावं लागलं.

चाळ भेटायला आली. एकेक जण येऊन आईजवळ बसत होता.

"कुणाची दृष्ट लागली हो."

"हे सगळं सरकारमुळे," कोणी म्हणालं. कुठलं सरकार ते विचारायची गरज नव्हती, त्या वर्षांत सगळं सरकारमुळेच होत होतं.

"मालकाचं फार नुकसान झालं असेल, नाही?" तळमजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं.

"मालक कधीच गेला," मी म्हटलं, आणि हेही खोटं नव्हतं.

काकूंनी डोळे पुसले. उठताना आईला म्हणाल्या, "नळाचं मनात आणू नका हो. तुमचा नंबर पहिलाच. असे दिवस आले म्हणून आम्ही माणुसकी सोडू का?" आई माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ती इतकी गंभीर राहू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

अण्णासाहेबांना मी फोटो दिला. भिंत, जीप, कोटातला वसू. बोकड भिंतीच्या कडेला थोडा आला होता. "बांधकाम भक्कम दिसतं," ते म्हणाले. "भक्कम आहे, पण खाण बंद आहे आणि मुलगा मुंबईला परत येतोय," मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. फोटो परत करायला त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात आतून सुलभा आली आणि म्हणाली, "मी बघेन त्यांना." तिने आजवर एकाही मुलाला बघायला होकार दिला नव्हता. अण्णासाहेबांचा पुढे केलेला हात तसाच मागे गेला.

सुलभेला मी सगळं मैदानाच्या कट्ट्यावर बसून आधीच सांगितलं होतं. विजारीसकट.

शिवाजी पार्क

वसू आल्यावर पंधरवड्याने बघण्याचा कार्यक्रम झाला. मैदानात सभा होती, म्हणून गॅलरीचं दार लावलेलं. वसू दाराला पाठ करून बसला होता, ताठ. पोहे आले. अण्णासाहेबांनी सहानुभूतीने सुरुवात केली. "धंद्यात चढउतार व्हायचेच. मनाला लावून घेऊ नका."

सुलभेने वसूला बशी दिली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "खाण कधी बंद पडली?"

वसूने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांतला शेंगदाणा शोधत होते.

"माझे आजोबा लहान असताना," तो म्हणाला. "माझी नव्हतीच ती. मी रविवारी तिथे झोपायला जात होतो. परवापासून माझगाव गोदीत फिटर म्हणून लागलोय."

अण्णासाहेबांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही तर मला म्हणालात खाण बंद आहे!"

"आहेच."

"पण कधी, ते सांगितलं नाहीत!"

"तुम्ही विचारलं नाहीत, अण्णासाहेब."

माणूस सगळा जन्म कोर्टात काढलेला, हरकत टिकणार नाही हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं. मग फार बारीक आवाजात वसूला विचारलं, "म्हणजे तुम्ही आता इथेच राहणार? मुंबईत?"

"हो. इथेच."

बाहेर कुणाचं तरी भाषण रंगात आलं होतं. दार लावूनही घोषणा आत येत होत्या. सुलभा उठली, वसूच्या मागे गेली आणि गॅलरीच्या दाराची कडी काढली. दार अर्धंच उघडलं, खुर्चीला अडलं. ती कडीवर हात ठेवून थांबली. अण्णासाहेब वसूकडे बघत होते, मीही बघत होते.

वसू बशी हातात घेऊनच उठला, आणि दार पुरतं उघडेल इतकी आपली खुर्ची बाजूला ओढली.